प्रेम होतं, म्हणून प्रश्न संपले का?

(माण, तालुका मुळशी येथे बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. ज्या बाईविषयी यात सांगितलं आहे, तिच्या परवानगीने आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते इथे देत आहोत.)

मैत्रिणींनो,

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कायदा आणि स्त्रिया’ असा विषय छापलेला आहे. कायद्याबद्दल मी बोलणारच आहे, पण सुरुवात एका वाक्यापासून करते. आमच्या सल्ला केंद्राच्या बैठकीत एका कार्यकर्तीने ते म्हटलं होतं. ती म्हणाली, “ताई, तो पोलिसातून काढलेला, ती दारूच्या अड्ड्याची मालकीण. दोघांचं प्रेम होतं, आता फाटलं. त्यात आपण कशाला पडायचं?”

बैठकीतल्या बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. आम्ही त्यात पडलो की नाही, ते पुढे सांगते. त्याआधी तुम्हाला दहा वर्षांपूर्वीची एक बातमी आठवून देते. पोलीस आणि गुन्हेगारी धंद्यातली बाई यांच्या ‘प्रेमा’बद्दल आपल्याकडे कसं बोललं जातं, ते त्या बातमीत स्पष्ट दिसतं.

मार्च २०१५. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात कण्हेरी नावाचं गाव आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्यातला हवालदार धर्मराज काळोखे इथला. त्याच्या गावच्या घरी पोलिसांना शंभर किलोहून जास्त पावडर सापडली. पाठोपाठ मरीन ड्राइव्ह पोलीस ठाण्यातल्या त्याच्या लॉकरमध्ये आणखी बारा किलो मिळाली. म्हणजे अमली पदार्थ ठेवायची जागा कोणती, तर पोलीस ठाणं! पोलिसांनी सांगितलं की हा मेफेड्रोन, म्हणजे पोरं ज्याला ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात तो नशेचा पदार्थ आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने त्याचा समावेश अमली पदार्थांच्या कायद्यात केला होता, त्यामुळे प्रकरण फारच गाजलं. काळोखेला अटक झाली, नोकरीतून बडतर्फ करण्यात आलं. हा माल वरळीच्या शशिकला पाटणकर या बाईचा, असं तपासात पुढे आल्याचं सांगितलं गेलं. एप्रिलमध्ये तिलाही अटक झाली. या दोघांचे अनेक वर्षांचे संबंध होते, हेही पोलिसांनीच सांगितलं. पुढे तिच्याशी संगनमत असल्याच्या आरोपावरून काही पोलीस अधिकाऱ्यांनाही अटक झाली. आणि त्यानंतर तर एक भलतीच गोष्ट घडली. ती पावडर प्रयोगशाळेत तपासली तेव्हा ती एमडी नसून अजिनोमोटो असल्याचा अहवाल आल्याच्या बातम्या छापून आल्या. चायनीजच्या गाडीवर नूडल्समध्ये टाकतात, तो अजिनोमोटो!

यात कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे मी ठरवत नाही. तो न्यायालयाचा प्रश्न आहे. मला बोलायचं आहे ते ही गोष्ट आपल्याला कशी सांगितली गेली, त्याबद्दल.

तुम्ही कुणालाही विचारून बघा. शशिकला पाटणकर हे नाव फार थोड्यांना आठवेल. ‘बेबी’ म्हटलं की लगेच आठवतं. ‘ड्रग क्वीन बेबी’. काळोखेच्या नावापुढे मात्र शेवटपर्यंत ‘हवालदार’ होतं. ती बेबी, तो हवालदार. ती राणी, आणि तो बिचारा तिच्या नादी लागलेला. तिचे दागिने, तिची घरं, तिच्या साड्या यांची वर्णनं आपण चवीने वाचली. पण एक हवालदार पोलीस ठाण्याच्या लॉकरमध्ये बारा किलो पावडर ठेवू शकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही, हे कसं? ठाण्यात रोज किती माणसं ये-जा करतात! हा प्रश्न दोन दिवस विचारला गेला आणि मग विरला. का विरला? कारण सगळ्यांना पटेल असं उत्तर आधीच हाती आलं होतं: ‘त्यांचं लफडं होतं.’

एकदा ते म्हटलं की चौकशी संपली. ठाण्याची चौकशी नको, वरच्यांची नको, हप्ता कुठून कुठे जातो त्याची नको. बाईने पुरुषाला भुलवलं, एवढंच. ही गोष्ट आपण पुराणातल्या मेनकेपासून ऐकत आलोय. तिथेसुद्धा विश्वामित्राचं तप भंगलं म्हणून हळहळ विश्वामित्राबद्दलच.

आता गैरसमज नको. मी असं म्हणत नाहीये की अशा धंद्यातली बाई म्हणजे गरीब गाय असते. नशेच्या धंद्यात पैसे कमावणारी बाई दुसऱ्यांच्या पोरांचं वाटोळं करूनच ते कमावते. बाई आहे म्हणून तिचा गुन्हा धुऊन काढणं, ही आपली चळवळ नव्हे. माझं म्हणणं एवढंच आहे की दोघांना सारखे प्रश्न विचारा. तिला विचारता ना, हे पैसे कुठून आणले? मग त्याला विचारा, ही वर्दी तू कशासाठी वापरलीस?

वर्दी आणि प्रेम, वर्दी आणि संमती, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. उलट आपली चळवळ त्याच प्रश्नावर उभी राहिली. इथे बसलेल्या तरुण मुलींना कदाचित माहीत नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. २६ मार्च १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. ती ठाण्यात का गेली होती? तिचं एका मुलावर प्रेम होतं, त्याच्या घरच्यांनी तिला पळवल्याची तक्रार तिच्या भावाने केली होती, म्हणून जबाबासाठी तिला बोलावलं होतं. खालच्या न्यायालयाने पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिने आरडाओरडा केला नाही, तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा तो तर्क होता. तिचे आधी संबंध होते, हेही तिच्याविरुद्ध गेलं. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. संमती देणं आणि निमूटपणे शरण जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. १९८० च्या ८ मार्चला गावोगावी मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अत्याचारात संभोग झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ते खरं धरून चालायचं, असं कायद्यात आलं.

कोठडीपुरतं ते ठीक आहे. पण आपलं बहुतेक आयुष्य कोठडीबाहेर जातं. तिथे वर्दीवाला दारात उभा राहतो तेव्हा काय? आता आमच्या बैठकीतल्या त्या बाईकडे येते.

ती इथून फार लांब नसलेल्या एका वस्तीत राहते. पत्र्याच्या खोल्या, भाड्याने राहणारी माणसं. तुम्हाला अशा वस्त्या माहीत आहेत. हिंजवडीत आणि माणमध्ये आयटीच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा मराठवाड्यातून, विदर्भातून, कर्नाटकातून जोडपी मजुरीला आली. ती आणि तिचा नवरा त्यातलेच. नवरा एका बांधकामावरून पडून गेला. ठेकेदाराने हातावर थोडे पैसे टेकवले आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. पदरात दोन लेकरं. आधी तिने मजुरांना चहा-भजी विकली. मग कुणीतरी सांगितलं, भज्यांबरोबर फुगे ठेव, संध्याकाळी गिऱ्हाईक दुप्पट येईल. फुगे म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतली हातभट्टीची दारू. तिने ठेवले. दहा वर्षांत तीन वस्त्यांमध्ये तिचा माल जायला लागला, मटक्याच्या चिठ्ठ्याही सुरू झाल्या. हाताखाली पाच-सहा पोरं. वस्तीत तिला सगळे ‘मावशी’ म्हणायचे, आणि घाबरायचे. उधारी बुडवणाऱ्याला तिने पोरांकडून बडवून काढल्याचंही आम्ही ऐकलेलं होतं. त्या वस्तीपुरतं बोलायचं तर तीच तिथली ‘भाई’ होती.

हातभट्टीची दारू महाराष्ट्रात गुन्हा आहे. १९४९ पासूनचा दारूबंदी कायदा आहे. पण गुन्हा असला की हप्ता येतो, आणि हप्ता आला की तो न्यायला माणूस येतो. तिच्याकडे एक हवालदार यायचा. आधी पैसे न्यायला, मग जेवायला, मग राहायला. असं सहा वर्षं चाललं. मध्येच दुसऱ्याच एका प्रकरणात तो नोकरीतून बडतर्फ झाला. वर्दी गेली तसा तो बॅग घेऊन तिच्याकडेच आला. तिने घेतलं. त्याला खाऊ-पिऊ घातलं, मोटारसायकल घेऊन दिली. वर्षभरात धंद्याचा हिशेब त्याच्या हातात गेला, नवी खोली त्याच्या नावावर झाली. त्यानंतर मारहाण सुरू झाली. एका रात्री त्याने तिचा हात मोडला. प्लास्टर घातलेला हात घेऊन ती केंद्रात आली.

मी फॉर्म घेऊन बसले. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मुलाखत कशी घ्यायची ते शिकवतात, तसं मी शांतपणे विचारलं, “तुमचं त्यांच्यावर प्रेम होतं का?” ती काही बोलली नाही. मी फॉर्मवर ‘प्रेमसंबंध’ असं लिहिलं.

ती म्हणाली, “ताई, काय लिहिलंत?”

मी वाचून दाखवलं. तेव्हा ती म्हणाली, “मला विचारायचंच असेल तर असं विचारा, की पहिल्या दिवशी तो आत आला तेव्हा मला ‘नको’ म्हणता आलं असतं का. नको म्हटलं असतं तर सकाळी धाड पडली असती. पोरं निजलेली होती. मी दार लावून घेतलं.”

मी ‘प्रेमसंबंध’ खोडायला पेन उचललं. तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “खोडू नका. मागून मला तो आवडायला लागला होता. पोरगं आजारी पडलं तेव्हा त्याने रात्रभर दवाखान्यात काढली. तेही लिहा. दोन्ही लिहा.”

मैत्रिणींनो, मी दहा-बारा वर्षं या कामात आहे. पण माझ्या पदवीने मला शिकवलं नाही ते त्या बाईने त्या दिवशी शिकवलं. आपल्याला एकच रकाना भरायची सवय असते. एक तर जबरदस्ती, नाहीतर प्रेम. प्रेम असेल तर तक्रार खोटी, आणि तक्रार खरी असेल तर प्रेम खोटं. पण बाईच्या आयुष्यात दोन्ही एकाच खोलीत राहू शकतात. सुरुवात धाकाने झाली, मागून माया जडली, आणि त्या मायेच्या आडून पुन्हा धाक आला. माया होती म्हणून धाकाचा हिशेब माफ होत नाही.

आणि हेही बघा, की वर्दी गेल्यावरही तो धाक गेला नाही. तो बडतर्फ होता, पण ठाण्यात त्याचे जुने सोबती होते. कुठल्या टेबलावर काय अडकवायचं, तक्रार कशी लिहिली की ती कच्ची राहते, हे त्याला माहीत होतं. ती तक्रार करायला गेली तर तिच्याच धंद्याची फाईल उघडेल, हे त्याने तिला रोज ऐकवलं होतं. ज्या बाईच्या हातून कायदा मोडला गेलाय, तिला कायद्याकडे जायची वाट बंद असते. तिच्या घरात मारणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

आता आमच्या बैठकीत काय झालं ते सांगते. मी प्रकरण मांडलं आणि वाद सुरू झाला. तो वाद खोटा नव्हता. आमच्यातल्या एकीचा नवरा दारूने यकृत सडून गेला होता. तो ज्या अड्ड्यावर प्यायचा तो याच बाईचा. ती उठून म्हणाली, “माझ्या दोन पोरींचा बाप हिने खाल्ला. हिच्या कागदावर मी सही करणार नाही.” सगळ्या गप्प झाल्या. तिला कुणी काय उत्तर देणार? दुसरी म्हणाली, आधी धंदा बंद कर, मग मदत करू, अशी अट घाला. तिसरी म्हणाली, त्याचं-तिचं प्रेम होतं, आपण कशाला पडायचं.

तीन तास बोलणं झालं. शेवटी आम्ही जे ठरवलं ते तुमच्यापुढे ठेवते. तुम्हाला पटलं नाही तर जरूर सांगा, चर्चेला वेळ ठेवलेला आहे. आम्ही ठरवलं की मोडलेल्या हाताला अट नसते. मारहाणीच्या तक्रारीत आम्ही तिच्याबरोबर जायचं. आणि त्याच वेळी तिच्या अड्ड्याविरुद्धचा आमचा अर्जही मागे घ्यायचा नाही. हे तिच्या तोंडावर सांगायचं. आम्ही सांगितलं. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बरंय. निदान तुम्ही पुढून सांगता.”

तक्रार द्यायला गेलो तेव्हा ज्या बाईचा नवरा गेला होता, तीही आली. तिने सही केली नाही. आतही आली नाही. बाहेरच्या बाकावर चार तास बसून राहिली. आम्ही बाहेर आलो तेव्हा तिने पिशवीतली पाण्याची बाटली त्या ‘मावशी’पुढे धरली. दोघी एकमेकींशी काहीही बोलल्या नाहीत. त्यांच्यात समेट झाला असं मी म्हणणार नाही, तो झालेला नाही.

आता कायद्याचं. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा लग्न न करता एकत्र राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो, हे तुम्ही शिबिरात ऐकलंय. पण त्यात ‘विवाहासारखं नातं’ असा शब्द आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा शर्मा यांच्या प्रकरणात सांगितलं की पुरुष विवाहित आहे हे माहीत असून त्याच्याबरोबर राहणाऱ्या बाईचं नातं या व्याख्येत बसत नाही. अशा नात्यांत बाई आणि मुलं उघड्यावर पडतात, त्यासाठी संसदेने कायद्यात बदल करावा, असंही न्यायालयानेच म्हटलं. आमच्या प्रकरणातल्या हवालदाराची बायको गावी आहे, आणि हे या बाईला माहीत होतं. म्हणजे तो दरवाजा जवळजवळ बंद. मारहाणीची साधी कलमं उरतात. खोली त्याच्या नावावर, पैसे तिचे, पण ते पैसे कुठून आले हे सांगायची सोय नाही. कायदा कुठे संपतो ते माहीत असलं की बाईला खोटी आशा दाखवायचं पाप आपल्या हातून होत नाही, म्हणून हे सांगतेय.

आणि या गोष्टीत आणखी एक बाई आहे. ती कुणालाच दिसत नाही. त्याची लग्नाची बायको. एक दिवस तीही केंद्रात आली. हातात बडतर्फीच्या आदेशाची झेरॉक्स. पगार बंद, निवृत्तिवेतनाचा हक्क गेला, सरकारी खोली सोडावी लागली, मुलगी बारावीला. ती म्हणाली, “लोक म्हणतात तुझ्या नवऱ्याला त्या बाईने नासवला. मी म्हणते, तो रोज सकाळी माझ्याच घरातून वर्दी घालून जायचा. हप्त्याचे पैसे माझ्याही घरात आले. मी विचारलं नाही.” तिच्या पोटगीचा अर्जही आम्हीच लिहून दिला. एकाच पुरुषाविरुद्ध दोन बायकांचे कागद आमच्या एकाच कपाटात आहेत. दोघींना भांडायला लावणं सोपं होतं. आम्ही ते केलं नाही.

तुमच्यातली कुणी म्हणेल, ही सगळी खालच्या थरातली, कायदा मोडणारी माणसं. बाई शिकलेली असती, हातात अधिकार असता, तर असं झालं नसतं. मग अश्विनी बिद्रे-गोरे यांची आठवण करा. त्या स्वतः सहायक पोलीस निरीक्षक होत्या. वर्दी त्यांच्या अंगावरही होती. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या. वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याच्याशी त्यांचे संबंध होते. त्यांचे पती आणि भाऊ दारोदार फिरले. तपास रेंगाळला. मधल्या काळात, २०१७ साली, त्या अधिकाऱ्याला राष्ट्रपती पदक जाहीर झालं. अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये, आणि खुनाबद्दल जन्मठेप झाली एप्रिल २०२५ मध्ये. नऊ वर्षं! तिथेही सुरुवातीला कुजबुज तीच होती, की त्यांचं दोघांचं काहीतरी होतं. ‘काहीतरी होतं’ या दोन शब्दांनी एका पोलीस अधिकारी बाईच्या खुनाचा तपास लांबू शकतो, तर पत्र्याच्या खोलीतल्या बाईची काय कथा?

आता शेवटचं, आणि हे माणच्या मुलींसाठी. तुमच्या आजोबांची शेती होती. मग औद्योगिक वसाहत आली, आयटी पार्कचा तिसरा टप्पा आला, मेट्रोचा डेपो आला. जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि जमिनीबरोबर दलाल, ताबेवाले आणि भाई आले. ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा २०१८ साली आला तेव्हा तो आपल्याच तालुक्याचा म्हणून सगळ्यांनी पाहिला. शेती गेलेल्या घरातलं पोरगं गुन्हेगारीत कसं जातं, ते त्यात दाखवलं होतं. पोरांनी त्यातलं काय उचललं? गॉगल आणि गाडी. फेब्रुवारी २०२१ मध्ये तळोजा तुरुंगातून सुटलेल्या एका गुंडाची द्रुतगती महामार्गावरून शेकडो गाड्यांची मिरवणूक निघाली. त्याचे व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आले होते. त्या गाड्यांत किती बायका होत्या? मला तरी त्या दिसल्या नाहीत. बायका असतात त्या तुरुंगाच्या भेटीच्या रांगेत, वकिलाच्या दारात, आणि खून पडला की शवागाराच्या बाहेर.

सिनेमात भाईची प्रेयसी असते, इन्स्पेक्टरची प्रेयसी असते. हल्ली तर भाई आणि पोलीस यांच्यातच प्रेम जमतं, अशा गोष्टीही मुली मोबाइलवर आवडीने वाचतात. वाचा, बघा, मी नको म्हणणार नाही. धोक्याच्या माणसाचं आकर्षण वाटणं हा काही गुन्हा नाही. घरात ज्या मुलीला कुणी विचारत नाही, तिला ‘याच्याबरोबर असले की कुणी माझ्याकडे वाकड्या नजरेने बघणार नाही’ असं वाटणं मी समजू शकते. फक्त एवढं लक्षात ठेवा, की तो जगापासून तुमचं रक्षण करतो ते ज्या ताकदीने, तीच ताकद एक दिवस तुमच्याकडे वळते. तेव्हा तुमचं रक्षण त्याच्यापासून कोण करणार, याची सोय आधी करून ठेवा. स्वतःच्या नावाचं बँक खातं, कागदपत्रं स्वतःच्या ताब्यात, आणि रात्री बारा वाजता दार उघडेल अशी एक तरी मैत्रीण.

आणि आपण कार्यकर्त्यांनी काय करायचं? आमच्या केंद्रात आम्ही फॉर्म बदलला. ‘संबंधाचा प्रकार’ हा रकाना काढून टाकला. त्या जागी चार साधे प्रश्न घातले. सुरुवातीला नको म्हणता आलं असतं का? नको म्हटलं असतं तर काय झालं असतं? आज बाहेर पडायचं ठरवलं तर तुमच्या हातात काय उरेल? आणि तुम्हाला काय हवं आहे? चौथा प्रश्न आम्ही पूर्वी सर्वांत शेवटी, उरलेल्या जागेत विचारायचो. आता तो अर्धं पान घेतो.

प्रेम होतं की नव्हतं, हे आम्ही आता विचारत नाही. बाईला सांगायचं असेल तर ती सांगते, आणि सांगितलं तर आम्ही लिहून घेतो, खोडत नाही.

त्या बाईचा खटला उभा राहायचा आहे. तिचा हात जुळून आलाय, पण वाकडा जुळलाय. तिचा अड्डा पूर्ण बंद झालाय असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमचा अर्जही तसाच चालू आहे. मागच्या मंगळवारी ती केंद्रात आली, बाकावर बसली आणि म्हणाली, “ताई, अड्ड्याचा अर्ज पुढे सरकला का?” मी म्हटलं, नाही, कुठेतरी अडकलाय. ती म्हणाली, “कुठल्या टेबलावर अडकला असेल ते मला माहितीये. सांगू?”

आम्ही लिहून घेतलं.

आता तुम्ही बोला. मी ऐकते.